वरचा वारा

काकूंनी रेडिओ दोन्ही गुडघ्यांत घट्ट पकडला, एरियल खिडकीच्या गजाला टेकवली आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. घरघर स्वयंपाकघरभर पसरली. काका बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण गाठ मुद्दाम सावकाश मारली. हवामानाची बातमी ऐकायला थांबलोय असं दिसायला नको होतं, आणि थांबायचं तर होतंच.

रेडिओतला माणूस बोलायला लागला. त्याचा आवाज असा होता, की उद्या जगबुडी होणार असती तरी त्याने ती बसच्या वेळापत्रकासारखीच वाचून दाखवली असती. वारा नैऋत्येकडून. दुपारनंतर वेग वाढण्याची शक्यता. अधूनमधून जोराचे झोत. लहान होड्यांनी बंदर सोडू नये.

"ऐकलंत ना?" काकू म्हणाल्या.

"ऐकलं. पण मी काय लहान होडी आहे का?"

"चेष्टा पुरे. दुपारनंतर झोत आहेत म्हणतोय. वर जपून."

"वर गेल्यावर कळतंच की मला. तुझ्या त्या डबड्याच्या आधी कळतं."

काका उठले. ओट्यावरचा थर्मास उचलून त्यांनी कानाशी हलवून पाहिला, काठोकाठ भरलाय याची खात्री केली, टोपी घातली आणि निघाले. काकू दारापर्यंत गेल्या. काका वळणावरून दिसेनासे होईपर्यंत उभं राहायची त्यांची सवय होती आणि मागे वळून न बघायची काकांची.

या घरात 'वर' या शब्दाचा एकच अर्थ होता. काका बंदरातल्या सगळ्यात मोठ्या क्रेनवर काम करायचे. लोखंडी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं आणि जहाजातले कंटेनर उचलून धक्क्यावर ठेवायचे. लग्न होऊन आल्यापासून काकू ऐकत आल्या होत्या, वर आज ऊन फार होतं, वर आज धुकं होतं, वरून जहाजं खेळण्यातली वाटतात. या शब्दाला बाहेरच्या जगात दुसराही अर्थ असतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या. एकदा विमा कंपनीतून फोन आला, साहेब आहेत का म्हणून. काकूंनी सरळ सांगितलं, "नाहीत, ते वर गेलेत."  पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "कधी?" "आज सकाळीच." "अरेरे, काय झालं होतं?" "काय व्हायचंय? रोजच जातात." हा किस्सा काकांनी बंदरावर इतक्या वेळा सांगितला, की तिथली माणसं काका दिसले की विचारायची, काय, अजून खालीच?

त्याच माणसांनी काकूंचं नाव 'वेधशाळा' ठेवलं होतं. त्याला कारण हा रेडिओ. काही वर्षांपूर्वी एका दुपारी अचानक वादळ झालं. वीज गेली, फोन बंद पडले, आणि काका संध्याकाळपर्यंत वरच अडकून राहिले. काकू मुका फोन हातात धरून बसल्या होत्या. वारा वाढतोय की पडतोय, एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. दुसऱ्याच दिवशी त्या बंदराच्या फाटकाजवळ बोटींचं सामान मिळतं त्या दुकानात गेल्या आणि हा नारिंगी रेडिओ घेऊन आल्या. वीज नको, सेल नको. दांडा फिरवा, की बोलायला लागतो. एका बाजूला टॉर्च, वर दोरीला अडकवलेली शिट्टी. दुकानदाराने विचारलं होतं, "ताई, बोट कुठली तुमची?" काकू म्हणाल्या होत्या, "बोट नाही, नवरा आहे."

तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती. काकांनी मात्र त्या रेडिओला कधी हात लावला नाही. त्यांच्या मते हवामान अंगाला कळायला हवं, ते दांडा फिरवून काढणं म्हणजे काहीतरीच.

काका गेल्यावर काकूंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर, इतर डब्यांच्या मागे ढकलून ठेवला. हल्ली त्या तो लपवूनच ठेवायच्या. काकांना मधुमेह झालाय, असा त्यांचा पक्का संशय होता. इतकी वर्षं काका थर्मास अर्धाच भरून न्यायचे. वर सोय नसते, चहा जास्त झाला की खाली उतरावं लागतं, आणि उतरणं म्हणजे पुन्हा ती शिडी. अर्ध्यातलाही घोटभर परत यायचा. आणि आता काही महिन्यांपासून माणूस थर्मास भरून मागत होता आणि संध्याकाळी तो चाटूनपुसून रिकामा आणत होता. एवढी तहान कशाने लागते हे काकूंनी कुठेतरी वाचलं होतं. तपासणीचं नाव काढलं की काका विषय बदलायचे. मग काकूंनी सरळ साखर बंद केली. काकांनी पहिल्या दिवशी बिनसाखरेचा घोट घेतला, काकूंकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि कप संपवला. हा माणूस वाद न घालता कसा ऐकतो, याचंच काकूंना जास्त भय वाटलं होतं.

दुपारी वारा खरंच उठला. आधी गल्लीतले कपडे दोरीवरून सुटले, मग कोणाच्या तरी छपराचा पत्रा खडखडायला लागला. काकूंनी खिडक्या लावल्या. तेवढ्यात वीज गेली. फोन उचलून पाहिला तर तोही गप्प. काकू रेडिओ घेऊन स्वयंपाकघरात बसल्या आणि बंदराचा भोंगा ऐकू येतोय का म्हणून कान देऊन राहिल्या. वारा एका आकड्याच्या पलीकडे गेला की भोंगा वाजतो, क्रेन थांबवतात आणि वरचा माणूस उतरतो. तो आकडा काकूंना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. भोंगा वाजून गेला असला तरी वाऱ्याच्या आवाजात तो ऐकू येण्यासारखा नव्हता.

दार धडाधडा वाजलं.

"काकू! उघडा, मी आहे!"

मागच्या गल्लीतली मुलगी होती. नुकतंच लग्न होऊन इथे आलेली, औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. नवरा बंदरातच होता, नेमकं काय करतो ते काकूंनी कधी विचारलं नव्हतं. ती पार भिजली होती आणि एका पायातली चप्पल कुठेतरी राहिली होती.

"तुमच्याकडे तो रेडिओ आहे ना काकू? फोन लागत नाहीये. हे वर आहेत."

काकूंनी तिला आत ओढलं, टॉवेल दिला, खुर्चीवर बसवलं. या घराबाहेरचं कोणी 'वर' असं म्हणताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"वर म्हणजे? कुठल्या क्रेनवर?"

"मोठ्या. काकांच्याच. काका खाली आल्यापासून हेच असतात ना तिकडे."

काकूंनी दांडा फिरवायला घेतला होता. त्यांचा हात थांबला नाही. थांबला असता तर मुलीच्या लक्षात आलं असतं.

"हो ना," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले आता, नाही?"

"आमच्या लग्नाच्या आधीपासून. काकांची चक्कर थांबली का हो? हे सारखे काळजी करतात. म्हणतात, काका शिडीला हात लावून उभे राहतात ते बघवत नाही."

"थांबली," काकू म्हणाल्या. जिचा पत्ताच नव्हता त्या चक्करेबद्दल त्यांनी असं सांगून टाकलं आणि दांडा आणखी जोरात फिरवला.

सगळ्यात आधी त्यांना एवढंच वाटलं, की ते खाली आहेत. पाय जमिनीवर आहेत. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. आणि लगेच समोरच्या मुलीकडे पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. आपला माणूस खाली आहे, कारण हिचा वर आहे.

मग राग आला. रोज सकाळी आपण वाऱ्याची दिशा सांगतोय, वर जपून म्हणतोय, आणि हे गृहस्थ गंभीर चेहऱ्याने नाड्या बांधतायत! घरातला दिवा गेला तर स्टुलावर चढायला तयार नव्हते. 'दिवसभर चढतोच, घरी तरी चढायला लावू नकोस' म्हणाले होते, आणि आपल्याला दया आली होती. अर्ध्याऐवजी भरलेला थर्मास, रिकामा परत. मग चाटूनपुसून पिणारच! खाली सोय आहे ना. आणि मधुमेह... काकूंना एकदम हसू फुटलं. माणूस गेले कित्येक दिवस बिनसाखरेचा चहा गिळत होता. मला काही झालेलं नाही, मी आता खाली असतो, एवढं एक वाक्य बोलला असता तर साखर मिळाली असती. ते वाक्य बोलण्यापेक्षा त्याला फिका चहा परवडला होता.

हसू आलं तसंच मधे अडकलं. काकूंनी पदराने डोळे टिपले.

"काय झालं काकू?"

"काही नाही. तू हा फिरव जरा. माझा खांदा भरून आला."

मुलीने रेडिओ घेतला. सुरुवातीला तिने दांडा असा फिरवला, की तो हातातच येतो की काय असं वाटावं.

"सावकाश. एका लयीत," काकू म्हणाल्या. "घाई केलीस म्हणून तो वारा कमी सांगणार नाही."

रेडिओतल्या माणसाने वाऱ्याचा आकडा सांगितला. काकूंना पाठ होता त्याच्या पुष्कळच पुढचा.

"म्हणजे किती काकू? फार आहे का?"

काकूंनी गॅस पेटवला, दूध ठेवलं आणि मग उत्तर दिलं. "आहे. पण वारा काही सलग नसतो. झोत येतो, जातो, मधे जागा असते. त्या जागेत उतरतात."

"आणि नाही उतरता आलं तर?"

"तर वरच बसायचं. केबिन मजबूत असते. आमचे एकदा संध्याकाळपर्यंत बसले होते."

"तुम्ही काय केलंत तेव्हा?"

काकू साखरेचा डबा शोधत होत्या. मागे ढकललेला तो पटकन सापडेना. "रडले," त्या म्हणाल्या. "कोणी बघत नव्हतं म्हणून चांगली मोठ्याने रडले. तुलाही रडायचं असेल तर रड. पण हात चालू ठेव, रेडिओ बंद पडेल."

मुलगी रडली आणि हात चालू ठेवला. काकूंनी तिच्या चहात दोनदा साखर घातली आणि दोघी आळीपाळीने दांडा फिरवत बसल्या. रेडिओ तिच्या नवऱ्याबद्दल काहीच सांगत नव्हता, कोणाच्याच नवऱ्याबद्दल कधी सांगत नसे. पण वारा पश्चिमेकडे वळला, मग जरा उतरला, हे तरी कळत होतं. प्रत्येक आकड्याला मुलगी काकूंच्या तोंडाकडे बघायची, आणि काकू तोंड सांभाळून बसल्या होत्या.

बाहेर काळोखून यायला लागलं तेव्हा दाराशी बूट वाजले. काका आले. त्यांनी बाहेरच्या खोलीत रेनकोट झटकला आणि तिथूनच, नेहमीसारखा मोठा आवाज काढून सुरुवात केली.

"अगं, काय सांगू तुला! वर आज नुसता..."

मुलगी खुर्चीतून उठली. काकूंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतः बोलल्या.

"अहो, ही बसलीय इथे केव्हाची. हिचे वर होते ना. खालून दिसत होते का तुम्हाला?"

 रेनकोटाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग काका स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू चहाचं भांडं विसळत होत्या.

"दिसत होता," काका म्हणाले. टोपी काढून पुन्हा म्हणाले, "दिसत होता खालून. उतरला. शेडमध्ये बसलाय दम खात. मी म्हटलं, मी पुढे होतो, घरी सांगतो. गेलो तर तुमच्या घरी कुलूप होतं."

मुलीने टॉवेलाने तोंड पुसलं. "लागलंय का त्यांना?"

"कुठे लागतंय! हात सोलवटलेत थोडे. वॉकीटॉकीवर बोलत होतो मी त्याच्याशी. झोत आला की थांब म्हणायचो, गेला की उतर म्हणायचो. मधे एकदा घाबरला. शिडीला मिठी मारून बसला, हलेना. मग त्याला विचारलं, काल जेवायला काय होतं रे? तर म्हणाला, वांगी. मीठ जास्त झालं होतं."

"नव्हतं झालं!" मुलगी रडता रडता ओरडली.

"ते तुम्ही दोघं बघा. पण मिठाची तक्रार सांगता सांगता उतरला तो."

काकूंनी तिला आपल्या चपला दिल्या आणि दारापर्यंत सोडलं. ती पळतच गेली. वारा आता पडल्यातच जमा होता. काकू आत आल्या तेव्हा काका खुर्चीवर तसेच ओल्या कपड्यांत बसले होते, रेडिओच्या टॉर्चच्या उजेडात, दोन्ही हात मांडीवर ठेवून. काकूंनी पुढ्यात टॉवेल टाकला.

"कधीपासून माहीत होतं तुला?" काकांनी विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मग साखर कशाला बंद केली होतीस?"

 काकूंनी काकांकडे पाहिलं, काकांनी त्यांच्याकडे, आणि दोघांनाही हसू आवरेना. काका टॉवेलात तोंड खुपसून हसले. तो टॉवेल मग बराच वेळ तोंडावरून खाली आला नाही.

"सांगणार होतो," ते टॉवेलातूनच म्हणाले. "रोज ठरवायचो. तू सकाळी म्हणायचीस, वर जपून. मग वाटायचं, आजचा दिवस असू दे."

"मला राग आलाय."

"येणारच."

"फार आलाय. कपडे बदला, चहा घ्या, मग काढते."

काकांनी कपडे बदलले. काकूंनी चहा ठेवला, साखर घातली, चमचा ढवळताना जरा जास्तच वाजवला. काकांनी पहिला घोट घेऊन डोळे मिटले. तो चेहरा बघून काकूंचा राग उगाच थोडा कमी झाला, आणि तो कमी झाला याचाही त्यांना राग आला.

"इतकी वर्षं वर होतो," काका म्हणाले, "पण भीती अशी वाटली नाही कधी. खरंच सांगतो. हातात काम असतं, लक्ष असतं. आज खाली उभा होतो, मान वर करून. ते पोरगं मधेच थांबलं, आणि वॉकीटॉकीचं बटण कुठलं दाबायचं तेच मी विसरलो. वांग्याचं विचारलं ते काय शहाणपण म्हणून नाही, दुसरं काही आठवेचना." त्यांनी कप खाली ठेवला. "तुला रोज असं व्हायचं?"

काकू रेडिओची एरियल आत ढकलत होत्या. त्या थांबल्या.

"तुम्हाला तो दिसत तरी होता," त्या म्हणाल्या.

 बाहेर कोणीतरी उडालेला पत्रा ओढत नेत होतं, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत काका कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"उद्याही तोच वर जाणारे," ते शेवटी म्हणाले. "उद्याचं कधी सांगतो हा?"

"सांगेल आता थोड्या वेळात," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी रेडिओ काकांच्या पुढ्यात सरकवला.